जिना कुणाचा होता, अक्का?

अक्का, तुमच्या शोकसभेत स्टेजवर दोन फोटो होते. एक तुमचा, हार घातलेला. दुसरा आपण केलेल्या लोखंडी जिन्याचा, फ्लेक्सवर छापलेला, तुमच्या फोटोहून मोठा. तो साखर कारखान्याकडून आला होता. खाली लिहिलं होतं, 'श्रमिकांच्या सुखासाठी झटलेली प्रतिभा'. तुम्ही तिथं असता तर आधी अक्षरांवरच घसरला असता. "इतकी नक्षीदार अक्षरं कुणासाठी रे? मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला काय दिसणार, कप्पाळ?"

कारखान्याचे शेती अधिकारी बोलायला उभे राहिले. मॅडमच्या जिन्यामुळे आमच्या ऊसतोड भगिनींचे कष्ट हलके झाले, असं म्हणाले. दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या आणि ही शोकसभा आहे हे आठवून हात मांडीवर ठेवले.

ते जिने त्या वेळी कुठे होते हे सभागृहात तिघांना ठाऊक होतं. त्या अधिकाऱ्यांना, तुमच्या थोरल्या भावाला म्हणजे आण्णांना, आणि मला. जिने आपल्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली होते. गेल्या हंगामाच्या मध्यापासून तिथंच पडून होते. तुम्हीच आणून ठेवले होते.

आण्णांनी मला बोलायला उठवलं. "अक्कांनी मला वस्तूच्या आधी माणूस बघायला शिकवलं," एवढं म्हणून मी खाली बसलो. लोकांना वाटलं, पोराला गहिवरून आलं. गहिवर होताच. पण मी गिळलं होतं ते पुढचं वाक्य, आणि ते असं होतं: शेवटी मात्र तुम्हीच माणूस बघितला नाहीत.

तुम्ही जिवंत असताना इतकं कडू मी तुमच्याशी कधी बोललो नाही. तुमच्या घरचं मीठ खाल्लं आहे. आता बोलतो, कारण आता तुम्ही "दशरथ, आधी पाणी पी, मग भांड," असं म्हणून मला गप्प करू शकत नाही.

म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवरून मी सांगलीला शिकायला आलो तेव्हा आमच्या घरात मेंढरांशिवाय कशाचीच मोजदाद कुणाला करता येत नव्हती. पदवी घेणारा मी पहिलाच. कॉलेजात मी एक मॉडेल केलं होतं. सौरऊर्जेवर चालणारी गाडी, नांगरणी, पेरणी, फवारणी सगळं करणारी. तिला बक्षीस मिळालं होतं आणि ती घेऊन मी तुमच्या वर्कशॉपमध्ये आलो होतो. ते वर्कशॉप म्हणजे तुमच्या वडिलांचं हळदीचं जुनं गोडाऊन. भिंतींना अजून हळदीचा वास होता, आणि लेथवर काम करणाऱ्याच्या शर्टालासुद्धा.

तुम्ही गाडी उलटीसुलटी करून बघितलीत. "कुणासाठी केलीस?"

"शेतकऱ्यांसाठी."

"कुठल्या? नाव सांग."

मला एकही नाव सांगता येईना. तुम्ही हसला नाहीत. गाडी अलगद खाली ठेवलीत आणि म्हणालात, "बिननावाच्या माणसासाठी काही करायचं नाही. आधी नाव, मग माप, मग कागद-पेन्सिल. उद्यापासून ये."

पगार, हुद्दा काहीच न ठरवता मी दुसऱ्या दिवशी आलो आणि राहिलो. आईला सांगितलं की मी डिझाइनचं काम करतो. ती म्हणाली, "म्हंजी साडीवर असतंय त्ये?" मी तुम्हाला हे हसत सांगितलं. तुम्ही गंभीर झालात. "आईला सांग, हो, तेच. फक्त ती साडी चालताना पायात येते का, तेवढं आपण बघतो."

माझे वडील एकदा मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला आले होते, तेव्हा वर्कशॉप बघायला आले. तुम्ही त्यांच्यासाठी आपली सगळ्यात चांगली खुर्ची पुढे केलीत, तीच, जिच्या पाठीच्या बाकावर तुम्ही वर्षभर डोकं फोडलं होतं. वडील जमिनीवर बसले. तुम्ही विचारलंत, खुर्ची टोचते का? "न्हाई वं, झ्याक हाय. पर तिथनं मेंढरं दिसत न्हाईत." तुम्ही स्वतः खुर्ची ओढत दारात नेलीत. वडिलांनी बघितलं आणि म्हणाले, "आता बसलोय की हितं." किती हसलात तुम्ही! पुढे कुणीही आपल्या कामाची स्तुती केली की तुम्ही माझ्याकडे बघून हळूच म्हणायचात, "आता बसलोय की हितं."

तुमचं हे सगळं मी मानतो, अक्का. म्हणून तर पुढचं सांगताना हात जड होतो.

तुमचा एक नियम होता. आपण बनवलेली वस्तू पहिला हंगाम विकायची नाही, वापरायला द्यायची. मालकी वर्कशॉपची. जिच्यासाठी केली तिच्याच विरुद्ध ती वापरली जाते असं दिसलं, तर उचलून परत आणायची. बेदाण्याच्या शेडवर तुम्ही हेच केलंत. दिवसभर जमिनीवर बसून बेदाणा निवडणाऱ्या बायकांसाठी आपण पाठ टेकायच्या बुटक्या बैठका केल्या होत्या. महिन्याभरात शेडमालकांनी मधली चहाची सुट्टी बंद केली. म्हणाले, आता पाठ दुखत नाही तर उठायचं कशाला? तुम्ही टेम्पो घेऊन गेलात आणि सगळ्या बैठका उचलून आणल्यात. बायका टाळ्या पिटत होत्या. चार दिवसांनी मालक तुमच्या सोप्यावर येऊन बसले. "अक्का, झालं-गेलं सोडा. चहा दोनदा देतो, पण तेवढ्या बैठका पाठवा." तुमच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं तसं मी नंतर बघितलं नाही. हा नियम कुठेही चालतो, असं तुम्हाला त्या दिवसापासून वाटायला लागलं. आपली चूक तिथं झाली.

ते मालक तुमच्या वडिलांना मामा म्हणत. एकाच जैन बस्तीत दर्शनाला जाणारी माणसं तुम्ही. तुमचं तोंड चुकवून त्यांना गावात हिंडता आलं नसतं. बैठका उचलल्या गेल्या त्याची त्यांना लाज वाटली, कारण लाज वाटावी इतक्या तुम्ही त्यांच्या जवळच्या होतात. हे मी तुम्हाला एकदाच बोललो, आणि तेही उशिरा.

मग जिना. उसाची मोळी डोक्यावर घेऊन बायका अरुंद लाकडी फळीवरून ट्रॉलीवर चढतात. फळी तिरकी लावलेली, पाय अडावा म्हणून वर पट्ट्या ठोकलेल्या. दवाने आणि पाचटाने ती निसरडी होते. इस्लामपूरच्या पुढे एका फडात आपण बघत उभे होतो तेव्हा तुम्ही सवयीने विचारलंत, "नाव काय तुझं?" "कौसल्या," ती फळीवरूनच म्हणाली. "आन ही माझी जाव, मंगल. माप घ्यायचं आसल तं लवकर घ्या, म्याडम, मोळी लई जड हाय." दोघी बीडकडच्या. दर वर्षी टोळीबरोबर यायच्या.

आपण जिना केला. दोन तुकड्यांचा, लोखंडी, दोन बायकांना उचलता येईल असा. पायऱ्या बुटक्या आणि रुंद, वर खरखरीत पत्रा, टोकाला ट्रॉलीच्या कडेला अडकणारे आकडे. कौसल्या पहिल्यांदा चढून उतरली तेव्हा तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत होता, परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसं.

"कसं वाटलं गं?"

"वझं तेवढंच हाय म्याडम. पर पाय गप हायेत. आता वझ्याचंबी कायतरी काढा की!"

संध्याकाळी तिने तुम्हाला खोपीवर भाकरी खायला बोलावलं. सूर्य मावळला होता. तुम्ही मावळल्यावर खात नाही, कांदा-लसूण तर कधीच नाही. "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?" तिने सरळ विचारलं. तुम्ही समजावून सांगितलंत, हा नियम घरच्यांच्या हातच्या जेवणालाही लागू आहे. तिला पटलं नाही. "आमी तं मावळल्याबिगर चूलच पेटवत न्हाई," म्हणाली, आणि तुमच्या वाटणीची भाकरी माझ्या ताटात टाकली. परतताना तुम्ही हिरमुसल्या होतात. "नियम मोडला असता तर बरं झालं असतं का रे?" मी म्हणालो, "मला दोन भाकरी मिळाल्या, माझं काही म्हणणं नाही." तेव्हा आपण अजून हसत होतो.

महिन्याभराने आपण पुन्हा फडात गेलो. ट्रॉल्या ओळखू येईनात. कडेला पाइप वेल्डिंग करून त्या उंच केल्या होत्या. आणि आपल्या जिन्याला वर एक तिसरा तुकडा जोडलेला होता, भंगारातल्या सळयांचा, उभट, कुठल्यातरी गावच्या वेल्डरने करून दिलेला. बायका आता आणखी एक माणूसभर वर चढत होत्या. टनाचा दर तोच. मोळी तीच. फक्त ती आधीपेक्षा उंच न्यायची, कारण आता नेता येत होती. वाहनमालक आपल्याला बघून हात जोडत पुढे आला. "म्याडम, लय झकास काम केलंय बघा तुमी. ह्या जिन्यामुळंच जमलं. खेपा कमी झाल्या, डिझेल वाचलं."

तुमचा चेहरा मी बघितला. तुमच्या आयुष्यात तुम्हाला कुणी इतकं टाकून बोललं नसेल. आणि बिचारा तुमची स्तुती करत होता.

आपण कारखान्यावर गेलो. शेती अधिकारी सभ्य माणूस. चहा मागवला, आपलं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ऊस शेतकऱ्याचा. टोळी मुकादमाची. ट्रॉली वाहनमालकाची. आमचा फक्त वजनकाटा. मी कुणाला सांगू?" त्यांचं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. सगळं असं रचलेलं होतं की मंगल आणि कौसल्या कुणाच्याच नव्हत्या. अक्का, ती रचनासुद्धा कुणीतरी डोकं लावूनच केली असणार. आपल्यापेक्षा हुशार डिझायनर असणार तो. त्याचं काम बरोबर चालतं, हंगामामागून हंगाम, आणि वापरणाऱ्याला कुणाचं नाव घेऊन ओरडायचं हेच कळत नाही.

येताना रस्त्याकडेच्या हॉटेलात आपण थांबलो. तुमचा चहा तसाच राहिला.

"उद्या टेम्पो सांग," तुम्ही म्हणालात.

"अक्का, तिसरा तुकडा कापून टाकू. आपला जिना राहू दे."

"आपला जिना आहे म्हणून तिसरा तुकडा आहे."

"काढून नेला तर फळीवरून पडतील बायका."

"पडल्या तर त्यांना जाब द्यावा लागेल. आत्ता माझा जिना त्यांना झाकतोय. त्यांच्या लोभाला मी पायऱ्या करून दिल्यात, दशरथ. मी डिझाइन कुणासाठी करते? त्या डिझेलसाठी?"

"पण जाब विचारणार कोण?"

"बेदाण्याच्या शेडवर काय झालं विसरलास?"

"तिथं मालक तुमच्या घरचे होते, अक्का. इथं कोण कुणाला ओळखतंय?"

तुम्ही उठलात. गाडीत बसल्यावर म्हणालात, "तू कधीपासून तडजोडीचं बोलायला लागलास?" हा शब्द मला फार लागला. मी मेंढपाळाचा मुलगा. पाऊस पडला नाही तर आम्ही आभाळाशी भांडत बसत नाही, मेंढरं घेऊन खाली उतरतो. तुम्ही त्याला तडजोड म्हणाल. आमच्यात त्याला मेंढरं जगवणं म्हणतात. हे तेव्हा सुचलं नाही. आज सांगतो.

दुसऱ्या दिवशी जिने उचलताना कौसल्या पायरीवर उभी राहिली. उतरेचना.

"म्याडम, हे आमचं हाय."

"तुमचंच आहे, कौसल्या. म्हणून तर नेतेय. तुमच्याच विरुद्ध वापरतायत हे."

"वापरंनात. उच तं उच, चढतो आमी. पायाखाली तं हाय ना कायतरी."

"चार दिवस थांब. ते येतील माझ्या दारात."

"तुमच्या दारात येतील. आमच्या खोपीवर कोण यील?"

  मुकादम लांबून ओरडला, "ए, खाली उतर, ट्रॉली खोळंबली." ती उतरली. मंगल मोळी बांधता बांधता आपल्याकडे बघत होती.

तुमच्या दारात कुणी आलं नाही. चार दिवसांत नाही, महिन्यातही नाही. पाइप वेल्डिंग केलेले होते, ते कोण कापणार? ट्रॉल्या उंचच राहिल्या. जुनी फळी तेवढ्या उंचीला लागली, आणखी उभी, आणखी निसरडी. तिच्यावरून मंगल घसरली. मोळी अंगावर आली. खुबा मोडला.

तुम्ही दवाखान्यात रोज जात होता, डबा घेऊन. तिच्या उशाशी बसत होता. मंगल भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. जाब विचारायला कुणी आलं नाही. कारखान्याने म्हटलं टोळी मुकादमाची, मुकादमाने म्हटलं पाय तिचा घसरला. तुमचा हिशेब असा होता की जिना काढला की खरा गुन्हेगार उघडा पडेल. उघडी पडली ती मंगल.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी म्हणालो, "अक्का, आता तरी जिने परत देऊ."

"आता दिले तर त्यांना वाटेल, आम्ही घाबरून दिले."

"वाटू दे की."

तुम्ही पायऱ्या उतरायला लागलात. या विषयावरचं आपलं ते शेवटचं बोलणं. पुढे तुमचं दुखणं निघालं आणि आपण गोळ्यांबद्दल, उन्हाबद्दल, आण्णांच्या द्राक्षबागेबद्दल बोलत राहिलो. ताडपत्रीकडे दोघांनीही बघितलं नाही. मला वाटत होतं, तुम्ही बऱ्या झालात की भांडू. बऱ्या न होता गेलात. भांडण माझ्या एकट्याच्या अंगावर टाकून गेलात. याचा राग जास्त आहे.

मला कळतं, तुमचं म्हणणं फुकाचं नव्हतं. डिझायनरने पैसे देणाऱ्याची चाकरी करू नये, हे तुम्ही मला शिकवलंत आणि मी ते सोडणार नाही. पण अक्का, पैसे देणाऱ्याची चाकरी सोडली की माणूस आपोआप वापरणाऱ्याच्या बाजूला जात नाही. मध्ये तिसराच एक मालक असतो. आपलं स्वतःचं स्वच्छ नाव. त्या दिवशी टेम्पोत जिने चढवताना तुम्ही त्या मालकाचं काम करत होता. कौसल्याने तुम्हाला ते काम दिलं नव्हतं.

हे लिहिलं आणि थांबलो. कारण तुमची शेवटची वस्तूही मला आठवते. दुखण्यात असताना तुम्ही एक बैठक काढलीत, मंगलच्या गावच्या संडासावर ठेवायची, तिला उकिडवं बसावं लागू नये म्हणून. आधी नाव, मग माप, मग कागद. माप घ्यायला मला बीडला पाठवलंत. पाइपाचा बाक तीनदा बदललात. मी ती पोचवून आलो तेव्हा तुम्ही फक्त एवढं विचारलंत, "बसली का ती?" बसली होती. मंगल काही म्हणाली का, हे तुम्ही विचारलं नाहीत. ती म्हणाली होती, "बाईंना म्हणावं, बरं केलं." मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डोळे मिटून पडला होता. ऐकलंत की नाही, मला माहीत नाही. ऐकलं असावंत, असं मी धरून चालतो.

तुम्ही गेल्याची बातमी कौसल्यालाही कळली. टोळी या हंगामाला त्याच कारखान्यावर आली आहे. तिचा फोन आला. "बाई गेल्या म्हनं?" मी हो म्हणालो.  "चांगल्या व्हत्या. लई हट्टी व्हत्या." आणि लगेच पुढे, "मंग आता ते जिने?"

मला संताप आला, अक्का. तुमचा तेरावाही झाला नव्हता. मग वाटलं, तिने का थांबावं? तिची फळी थांबली होती का?

आण्णांकडे गोडाऊनची किल्ली मागितली. ते ओटीवर बसले होते. किल्ली हातात ठेवून म्हणाले, "अक्काला चाललं असतं काय रं हे?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही, आण्णा. मी नेतोय."

 ते धोतराचा सोगा खोचून उठले. ताडपत्रीची एक बाजू त्यांनी धरली. या वयात जिन्याचं दुसरं टोक उचलायला लागले तेव्हा मी नको म्हणालो. "गप रं," म्हणाले, "तिच्याबरोबर मी कधी भांडलो न्हाई. तेवढं आज भांडू दे."

काल मी जिने फडात नेले. तिसरे तुकडे नाहीत, नुसते आपले. कौसल्याने आभार वगैरे काही मानले नाहीत. आकडे ट्रॉलीच्या पाइपांखालच्या जुन्या कडेला अडकवून हलवून बघितले आणि विचारलं, "परत कवा न्यायला येनार?"

"न्यायला नाही येणार. बघायला येईन."

"बघायला कुनीबी येतंय, साहेब," ती म्हणाली आणि मोळी उचलायला गेली.

दुपारपर्यंत सगळं नीट चाललं. मग ट्रॉलीवरच्या गड्याने उसाचा आणखी एक थर रचला, मग आणखी एक. दोन सळया आडव्या टाकून कुणीतरी जिन्यावर नवा तुकडा बांधायला घेतला. मी ट्रॅक्टरपुढे जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, "तुमी कोण?"

"जिना बनवणारा."

"मग जिन्याचं बघा की. ट्रॉलीचं आमी बघतो."

मी हललो नाही. त्याने वाहनमालकाला फोन लावला, मालकाने मुकादमाला. मुकादम तंगड्या टाकत आला आणि माझ्याशी न बोलता बायकांवर ओरडला. शेवटी कौसल्याच माझ्यापुढे येऊन उभी राहिली. चेहरा घामाने आणि कुसळांनी भरलेला.

"साहेब, रस्त्यातनं बाजूला व्हा. भरलंय ते जाऊ द्या. हितं खोळंबलं तं आमची खेप बुडती, त्येंचं काय जात न्हाई. बोलायचं तं भरायच्या आधी येऊन बोला."

मी बाजूला झालो. ट्रॉली गेली, उंच भरलेली, दोन्हीकडे झुकत. कौसल्याने माझ्याकडे परत बघितलं नाही. ती पुढच्या ट्रॉलीला लागली.

आज मी पहाटेच फडात गेलो. ट्रॉलीचा मालक भेटला नाही. मुकादम भेटला, हसला आणि निघून गेला. उंची कमी झाली नाही. उद्या पुन्हा जाणार आहे, भरणं सुरू व्हायच्या आधी. परवाही जावं लागेल, आणि हंगाम मोठा आहे. शेती अधिकाऱ्यांकडे जाईन, ते चहा पाजतील आणि वजनकाट्याचं सांगतील, तेही ऐकून घेईन. जिना तिथंच असेल, आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून लोकांच्या शिव्या खात असेन. यात माझं नाव स्वच्छ राहणार नाही. कुणी म्हणेल, हा मालकाला मिळाला. कदाचित तुम्हीही म्हणाला असता.

एका दिवसात टेम्पोत घालून संपवण्यासारखं हे काम नव्हतं, अक्का. एवढंच तुम्हाला त्या हॉटेलात, तुमचा चहा गार होत असताना, सांगायचं राहून गेलं.